परदेशातील मावशी



निपाणीवरून कोल्हापुरास आपणांपैकी पुष्कळजण नेहमी जात असतील. त्याच कोल्हापुरात टपालखात्यात असताना, 1878 साली, गोपाळराव जोशी यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तरादाखल आला तो धर्मांतराचा उपदेश! हा पत्रव्यवहार मासिकात छापला गेला. 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने तो दंतवैद्याकडे वाट पाहता पाहता वाचला, आणि आपण होऊन आनंदीबाईंशी पत्रव्यवहार आरंभिला.

4 जून 1883 रोजी आनंदीबाई न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. वय अवघे अठरा. कार्पेंटरबाई त्यांना घरी घेऊन गेल्या. त्या घरात आनंदीबाईंचा शाकाहार सुटला नाही, साडी सुटली नाही, स्वधर्मही सुटला नाही. आणि यजमानीण तर ख्रिस्ती! अतिथीस जेवू घालणे आपणांस नवे नाही. परंतु त्याला त्याच्या आचारधर्मासह घरात सामावून घेणे, हे मला अन्नदानाहूनही कठीण वाटते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, यात मग नवल ते काय?

11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेस मावशींकडे पाठविली. पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबीयांच्या स्मशानभूमीत, त्यांच्या नावाची शिळा आहे.