पारितोषिक देणारी माणसं



अमेरिकेतल्या युटा राज्यात पार्क सिटी नावाचं डोंगरातलं एक लहानसं शहर आहे. ऐन बर्फाच्या दिवसांत, जानेवारीत, तिथे कित्येक वर्षं सनडान्स चित्रपट महोत्सव भरत आला. २०२५ च्या महोत्सवात रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जागतिक कथापटांच्या स्पर्धेतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आपल्याकडे बातम्या आल्या, दिग्दर्शकाच्या मुलाखती झाल्या, सत्कार झाले. सगळं योग्यच झालं. पण हे पारितोषिक ज्यांनी दिलं त्या माणसांविषयी कुणी फारसं बोललं नाही. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

ती माणसं होती तीन. आव्हा काएन या फ्रेंच समीक्षक. कान महोत्सवात नवोदितांसाठी जो ‘समीक्षक सप्ताह’ असतो, त्याची धुरा त्यांच्याकडे आहे. दुसऱ्या वानुरी काहियू, केनियाच्या दिग्दर्शक. दोन तरुणींच्या प्रेमावरचा त्यांचा ‘रफिकी’ हा कानला निवडला गेलेला केनियाचा पहिला चित्रपट, आणि त्याच चित्रपटावर त्यांच्या मायदेशात बंदी आली. तिसरे डॅनिएल कलूया, ऑस्कर मिळवलेले ब्रिटिश अभिनेते. या तिघांसमोर पडद्यावर काय होतं? वडील गेले म्हणून मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, लग्नाचं कधी मनावर घेतोस म्हणून मागे लागलेले नातेवाईक, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या, ज्याच्याशी त्याची हळूहळू पुन्हा जवळीक होते. तिघांपैकी एकाचीही भाषा मराठी नाही. सुतकात घर कसं वागतं, दहाव्याला माणसं कावळ्याची वाट का पाहत बसतात, हे त्यांना कुणी बसून समजावलं नसणार. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी आणि नटांचे चेहरे, एवढ्यावर त्यांनी तो चित्रपट पाहिला आणि स्पर्धेतल्या दहा चित्रपटांत त्याला पहिलं स्थान दिलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. महोत्सवात कोणता चित्रपट दाखवायचा हे परीक्षक ठरवत नाहीत. ते काम निवड समितीचं. त्या वर्षी सनडान्सकडे ४,००० हून जास्त पूर्ण लांबीचे चित्रपट आले होते. ते महिनोन्महिने पाहून निवड समितीने शंभराच्या आत आणले. ही समितीची माणसं सहसा कुणाला दिसत नाहीत. परीक्षक त्यानंतर येतात. त्यांच्या वाट्याला मोजकेच चित्रपट असतात, पण शेवटचा शब्द त्यांचा असतो.

किती जणांचा? कानच्या मुख्य स्पर्धेत नऊ परीक्षक असतात. सनडान्सच्या कथापट विभागात त्या वर्षी तीन होते, आणि वेगळ्या धाटणीच्या प्रयोगांसाठी तिथे ‘नेक्स्ट’ नावाचा जो विभाग आहे त्याला तर एकच परीक्षक, अभिनेता इलायजा वूड. नऊ जणांत एखाद्याला चित्रपट कळला नाही तर बाकीचे आठ आहेत. तिघांत एकाचं लक्ष उडालं तर निकाल फिरतो. म्हणून महोत्सव जितका लहान आणि चित्रपट जितके कमी पैशांतले, तितकी परीक्षकाची जबाबदारी मोठी, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या निर्मितीसंस्थेचा चित्रपट पारितोषिकावाचूनही चित्रपटगृहापर्यंत पोचतो. त्याच्याकडे जाहिरातीचा पैसा असतो, नावाजलेले चेहरे असतात. स्वतंत्रपणे काढलेल्या चित्रपटाकडे, त्यातही मराठीसारख्या भाषेतल्या, बहुतेक वेळा दाखवायला एवढंच असतं की जाणत्या माणसांनी आम्हाला निवडलं. ‘साबर बोंडं’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या चित्रपटगृहांत लागला. सनडान्सचं पारितोषिक नसतं तर त्याला इतके पडदे मिळाले असते, असं मला वाटत नाही.

असे परीक्षक येतात कुठून? हा कुणाचा पेशा नाही. दिग्दर्शक, नट, संकलक, छायालेखक, समीक्षक, कधी एखादा कादंबरीकार. आपलं काम आठ-दहा दिवस बाजूला ठेवून ही मंडळी येतात. त्यांतले बरेच जण कधीतरी स्वतः स्पर्धेत उभे राहिलेले असतात. आपल्या चैतन्य ताम्हाणे यांचंच पाहा. २०१४ मध्ये त्यांचा ‘कोर्ट’ व्हेनिसच्या ‘ओरिझाँती’ विभागात पहिला आला. त्या विभागाच्या परीक्षकांच्या प्रमुख हाँगकाँगच्या दिग्दर्शक अ‍ॅन हुई होत्या. एक लोकशाहीर, मुंबईतलं एक कनिष्ठ न्यायालय, तारखांमागून तारखा; यात परक्या माणसाला धरून ठेवणारं वरवर काहीच नाही. तरी परीक्षकांच्या खोलीत कुणीतरी ‘कोर्ट’ची बाजू मांडली असणार आणि इतरांना ती पटली असणार. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, ताम्हाणे त्याच विभागाचे परीक्षक म्हणून व्हेनिसला गेले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या बाबतीत हे आणखी लवकर घडलं. मुंबईतल्या परिचारिकांची गोष्ट सांगणारा आणि पुढे रत्नागिरीकडे वळणारा त्यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४ मध्ये कानहून ‘ग्राँ प्री’ घेऊन आला, आणि पुढच्याच वर्षी त्या कानच्या मुख्य परीक्षक मंडळात बसल्या.

स्वतः चित्रपट करणाऱ्या माणसाला परीक्षक नेमण्यात मोठा फायदा आहे. पैसे संपले म्हणून एखादा प्रसंग एकाच चित्रणात उरकला आहे, की दिग्दर्शकाला तो तसाच हवा होता, हे त्याला दिसतं. गावातल्या, कधी कॅमेऱ्यासमोर न उभ्या राहिलेल्या बाईकडून इतकं सहज काम काढून घेणं किती अवघड आहे, हे त्याला सांगावं लागत नाही. तोटाही आहे. तो नकळत आपल्यासारखा चित्रपट शोधू लागतो. म्हणून मंडळात एक तरी समीक्षक असावा, असं मला वाटतं. समीक्षकाने हजारो चित्रपट पाहिलेले असतात. आज नवं म्हणून आपण ज्यावर भाळलो ते तीस वर्षांपूर्वी कुणी करून ठेवलंय, हे तो सांगू शकतो.

इतकं करूनही निकाल वेगवेगळे लागतात. १९८९ सालचं उदाहरण सांगते. पार्क सिटीच्या या महोत्सवाला तेव्हा सनडान्स हे नाव अजून मिळायचं होतं. त्या वर्षी परीक्षकांनी सर्वोच्च पारितोषिक नॅन्सी सव्होका यांच्या ‘ट्रू लव्ह’ला दिलं. प्रेक्षकांनी मात्र मतं दिली स्टीव्हन सोडरबर्ग या नवख्या दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला, ‘सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप’ला. चार महिन्यांनी तोच चित्रपट कानला गेला, आणि विम वेंडर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने त्याला ‘पाम दोर’ हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक दिलं. मग पार्क सिटीचे परीक्षक चुकले का? मी असं म्हणणार नाही. ब्राँक्समधल्या एका इटालियन कुटुंबातल्या लग्नाची गोष्ट त्यांना अधिक सच्ची वाटली, त्यांनी ती निवडली. आज ‘ट्रू लव्ह’ फार थोड्यांना आठवतो, पण परीक्षकाने भविष्य सांगायचं नसतं. त्या आठवड्यात, त्या चित्रपटांमध्ये, त्याला स्वतःला जे पटलं त्यामागे त्याने उभं राहायचं असतं.

एक गोष्ट मात्र माफ करता येत नाही. ती म्हणजे चित्रपट न पाहणं.

१९५६ मध्ये ‘पथेर पांचाली’ कानला गेला होता. सत्यजित रे यांच्या चरित्रांत ही हकीकत येते. चित्रपट दाखवला गेला तेव्हा प्रेक्षागृह जवळजवळ रिकामं होतं आणि परीक्षकांतलेही बरेच जण तिकडे फिरकले नव्हते. स्पर्धेतला आणखी एक चित्रपट म्हणून तो तिथेच संपला असता. पण ज्या मूठभर समीक्षकांनी तो पाहिला होता, त्यांनी हट्ट धरला की हा पुन्हा दाखवा, परीक्षकांना दाखवा. आंद्रे बाझाँ त्यांच्यात होते. चित्रपट पुन्हा दाखवला गेला आणि त्याला ‘सर्वोत्तम मानवी दस्तावेज’ म्हणून खास पारितोषिक मिळालं. आज भारतीय चित्रपटाचा इतिहास ज्याच्यापासून दोन भागांत सांगतात, तो चित्रपट परीक्षकांच्या गैरहजेरीमुळे बाजूला पडणार होता. कुठल्याही परीक्षकाने कामाला बसण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

मी स्वतः लघुपटांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. तिथे जे पाहते त्याने मला फार वाईट वाटतं. आयोजक आदल्या दिवशी चाळीस-पन्नास लघुपटांच्या लिंक पाठवतात. बक्षीस समारंभाची पत्रिका तोवर छापून झालेली असते. मग परीक्षक प्रवासात, मोबाईलवर, पहिली दोन मिनिटं पाहून पुढचा लावतो. एका ठिकाणी तर, कोणता पहिला द्यायचा ते आमचं ठरलंय, तुम्ही फक्त सही करा, असं मला सांगण्यात आलं. मी सही केली नाही. ज्या पोरांनी मित्राचा कॅमेरा मागून, घरून जेवणाचे डबे आणून, चार रात्री जागून तो पंधरा मिनिटांचा चित्रपट केला, त्यांचे हे हाल आहेत. त्यांना बक्षीस मिळालं नाही तरी चालेल. त्यांचे चित्रपट पाहिले गेले पाहिजेत, शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत पाहिले गेले पाहिजेत.

आणि परीक्षकाने पाहून दिलेला निकाल टिकला पाहिजे. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात काय झालं ते आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. तिथल्या ‘भारतीय पॅनोरमा’ या विभागाचे चित्रपट १३ जणांच्या परीक्षक मंडळानेच निवडले होते. त्यात रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ होता, आणि मल्याळी ‘एस. दुर्गा’ होता, ज्याने त्याच वर्षी रॉटरडॅमला सर्वोच्च पारितोषिक मिळवलं होतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट असलेल्या ‘न्यूड’ने पॅनोरमाची सुरुवात व्हावी, असं मंडळाने ठरवलं होतं. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने दोन्ही चित्रपट यादीतून काढले. मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, आणखी काही सदस्यही बाहेर पडले. मला त्यांचा आजही आदर वाटतो. मंडळ नेमायचं की नाही हा आयोजकाचा अधिकार आहे. नेमल्यावर त्याच्या यादीला हात लावण्याचा अधिकार कुणाला नसावा. १९७० मध्ये बर्लिनला व्हिएतनाम युद्धावरच्या मिखाएल फेरहोवन यांच्या ‘ओ.के.’वरून परीक्षक मंडळात असाच पेच उभा राहिला. मंडळ मोडलं, आणि त्या वर्षी स्पर्धेतली बक्षिसंच दिली गेली नाहीत. बक्षीस नसलेलं वर्ष महोत्सवाने सोसलं, त्याची अब्रू गेली नाही.

आता आपल्या घरचं. आज महाराष्ट्रात गावोगाव लघुपट महोत्सव भरतात. महाविद्यालयं भरवतात, नगरपालिका भरवतात, गणेश मंडळंही भरवतात. मला याचा मनापासून आनंद आहे. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला ‘संत तुकाराम’ या नावाने पुरस्कार देतात. ज्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला, त्याचं नाव आपण पुरस्काराला देतो, तर तो देण्याची रीतही त्या नावाला शोभेल अशी सगळीकडे असावी.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे. प्रवेशिका मागवतानाच परीक्षकांची नावं जाहीर करा. चित्रपट अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर, सलग दाखवा आणि त्यासाठी पुरेसे दिवस ठेवा. प्रवासखर्च आणि मानधन वेळेवर द्या. हारतुऱ्यांवर कमी खर्च केलात तर ते सहज जमेल. परीक्षकांना माझी विनंती आहे की ओळखीच्या माणसाचा चित्रपट स्पर्धेत असेल तर त्याच्यापुरतं मत देऊ नका, आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांनाही चार ओळी लिहून कळवा. आणि श्रोतेहो, पुढच्या वेळी एखाद्या महोत्सवाची पुस्तिका हातात आली तर चित्रपटांची यादी पाहण्याआधी परीक्षकांचं पान उघडा. त्यांनी आजवर काय केलंय ते वाचा. निकाल लागल्यावर त्यांना भेटा आणि हाच का निवडलात, असं विचारा. त्यांनी उत्तर द्यायला हवं.