पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे जेवण

(गडब येथील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयावर बोला, असे कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाही म्हटले होते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली आणि पेणला बँकेत काउंटरवर बसणारी मी एक कारकून. पण सहा वर्षांपूर्वी मी मुंबईला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि जवळजवळ दोन वर्षे ती गोष्ट गावापासून लपवून ठेवली. कोणी विचारले तर 'हर्नियाचे ऑपरेशन झाले' असे सांगायचे. खादाड होती म्हणून पोट कापून घेतले, असे लोक म्हणतील ही भीती होती. हे लपवणे मला कसे भोवले तेच आज सांगणार आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन तेव्हा ११८ किलो. मधुमेह होता, गुडघे दुखत होते, एस. टी.च्या पायरीवर पाय ठेवताना मागच्या माणसाचा हात लागायचा. शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली. पुढच्या वैशाख पौर्णिमेला विहारात नेहमीप्रमाणे खीरदान होते. सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून आपण ते करतो. तिथे नाही कसे म्हणायचे? एक वहिनी म्हणाल्या, "ताई, एवढीशी वाटी, घ्या की!" मी घेतली आणि सगळ्यांबरोबर भरभर खाल्ली. पंधरा मिनिटांत छातीत धडधड सुरू झाली, अंगाला दरदरून घाम फुटला, पोटात मुरडा आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकांनी मला चटईवर आडवे केले. कोणी म्हणाले हार्ट अटॅक, कोणी म्हणाले दृष्ट लागली. माझी धाकटी मुलगी रडत होती. मला स्वतःला नक्की माहीत होते की हे कशाने झाले, कारण रुग्णालयातून निघताना दिलेल्या कागदावर ते लिहिले होते. पण तोंडातून शब्द काढला नाही.

या त्रासाला डॉक्टर लोक डम्पिंग म्हणतात. त्याचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे पथ्य आपोआप समजते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. आपले जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे, ते एक फाटकही आहे. आलेले अन्न ते घुसळते आणि खालच्या दारातून थोडेथोडे आतड्यात सोडते. माझी शस्त्रक्रिया बायपास पद्धतीची. तीत जठराचा वरचा भाग तोडून जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या लहान बाटलीएवढी, पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. फाटक गेले. मग खिरीसारखा गोड, पातळ पदार्थ एकदम आतड्यात जाऊन पडतो. दाट साखर आतड्यात पडली की ती शरीरातले पाणी आपल्याकडे ओढून घेते, आतड्यातून निरनिराळे स्राव सुटतात, आणि माणसाला घाम, धडधड, मुरडा, जुलाब होतात. हे जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत होते. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. साखर एकदम रक्तात चढल्याने इन्सुलिन जास्त सुटते आणि मग रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते. हात कापतात, डोके रिकामे वाटते. मला हा दुसरा प्रकार दुपारी कॅश मोजताना व्हायचा. मी पर्समधली चॉकलेटे खायची, तात्पुरते बरे वाटायचे आणि तासाभराने पुन्हा तेच. म्हणजे दुखण्याला दुखण्याचेच खाद्य घालत होते. साखर खरोखर खाली गेली असेल तर गोड घ्यावेच लागते, पण त्यामागोमाग अंडे, डाळ असे काहीतरी खावे लागते, आणि असे वरचेवर होत असेल तर डॉक्टरांना सांगावे लागते. त्यावर औषधे आहेत.

विद्यार्थ्यांसाठी सांगते, हा त्रास नवा नाही. व्हिएन्नाच्या बिलरोथ या शल्यविशारदाने १८८१ साली जठराचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढे अल्सरसाठी अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि रोग्यांमध्ये ही लक्षणे दिसू लागली. डम्पिंग हा शब्द १९२२ पासून वापरात आहे. अशा रोग्यांचे वजन उतरते हे पाहून अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली वजनासाठीच बायपास केला. आपल्याकडे २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा वर्तमानपत्रांतून हा विषय घरोघरी गेला. २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद या महिलेला मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले होते, ते तर टी. व्ही.वर सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले. एवढ्या बातम्या आल्या, पण शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी माणूस जेवतो काय, हे कोणी छापले नाही.

तर जेवणाचे सांगते. मला मिळालेल्या छापील तक्त्यात ब्रोकोली होती, कुठले कुठले सूप होते. ते गडबच्या घरात कुठून आणायचे? माझ्या सासूबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "आधी पातळ, मग दाट, मग मऊ, मग आपले नेहमीचे, असेच ना?" अगदी तसेच. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला घालणाऱ्या बाईला हा क्रम शिकवावा लागत नाही. पहिले काही दिवस पेजेवरचे पाणी, गाळलेले मुगाचे कढण, पातळ ताक. मग दाट कढण, मऊ घोटलेली डाळ. मग उकडलेले अंडे कुस्करून आणि मासे. ओला बोंबील तर जणू याच कामासाठी जन्माला आला आहे, इतका तो मऊ. जिताड्याचा तुकडा काटे काढून, तिखट न घालता शिजवला तर उत्तम. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगतात; इवल्याशा पोटात ती बसवायची तर ताटातले आधी मासे, अंडे, डाळ खायचे आणि भात शेवटी, जागा उरली तर. आपल्या खारेपाटात भात बाजूला सारून जेवणे म्हणजे जेवलोच नाही असे वाटते, पण त्याला इलाज नाही. पोहे मात्र जपून. पेणचे पोहे कितीही आवडते असले तरी कोरडे आणि भरभर खाल्ले तर अडकतात. भाकरीचा मोठा घास अडकला की छातीत खिळा ठोकल्यासारखे दुखते. वालाने मला गॅस होतो. इतरांना होईलच असे नाही. दुधानेही काहींना जुलाब होतात, त्यांना ताक-दही चालून जाते. आंब्याच्या दिवसांत रसाची वाटी म्हणजे खिरीचीच बहीण समजावी.

पाणी जेवणाबरोबर नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबून, आणि मग दिवसभर घोट घोट. पाणी बरोबर घेतले तर अन्न वाहून लवकर खाली जाते. उलट, दिवसभराचे पाणी कमी पडले तर बद्धकोष्ठ होते, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. बँकेत गर्दीच्या दिवशी मी पाणी पिणे विसरते, म्हणून बाटलीवर पेनाने रेघा मारल्या आहेत. ज्यांची स्लीव्ह पद्धतीची शस्त्रक्रिया होते, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात, त्यांना डम्पिंग कमी, पण जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास जास्त असतो. त्यांनी जेवून लगेच आडवे होऊ नये.

आता माझी दुसरी चूक. दीड वर्षात वजन ४३ किलोंनी उतरले, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. मला वाटले, झाले काम. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही बंद केल्या. महिन्याला तेवढा खर्च वाचला. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या, जीभ लाल होऊन चुरचुरायची. मग बोटे बधिर झाली. बंधू-भगिनींनो, नोट मोजणाऱ्या माणसाची बोटे हेच त्याचे डोळे. दोन नोटा एकदम सरकल्या तर बोटाला कळते. मला ते कळेनासे झाले. एका महिन्यात दोनदा माझ्या कॅशमध्ये फरक आला आणि मी तो खिशातून भरला. आपल्या समाजाची बाई काउंटरवर बसते तेव्हा तिच्या हिशोबात फरक येणे म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. मशीन असते, पण मशीनही मधूनमधून बंद पडते. मी रात्री झोपेत नोटा मोजत असे.

शेवटी रक्त तपासले तर बी-१२ अगदी तळाला. हे जीवनसत्त्व मासे, मटण, अंडी, दुधातून मिळते, पण ते अंगी लागण्यासाठी जठराचा एक विशिष्ट स्राव लागतो. माझे जठर तर वाटेतून बाजूला काढलेले. यकृतात साठा असतो म्हणून उणीव लगेच कळत नाही, वर्षे जातात, आणि कळते तेव्हा नसा दुखावलेल्या असतात. इंजेक्शने घेतली. बोटे पुष्कळशी सुधारली. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, तो तसाच राहील असे डॉक्टर म्हणाले. गोळ्या-इंजेक्शने जन्मभराची आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि दरवर्षी रक्ततपासणी. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे.

एक गोष्ट मात्र मी आज मुद्दाम सांगायला आले आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उलट्या लागल्या आणि दोन-तीन आठवडे अंगात काही ठरले नाही, तर शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपतो. अशा वेळी आपल्याकडे काय करतात? जवळच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजचे सलाईन लावतात. बी-१ न देता नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. नजर दुहेरी होणे, तोल जाणे, बडबडणे ही तिची लक्षणे. आधी बी-१, मग ग्लुकोज. पण डॉक्टरांना हे सुचायचे तर त्यांना शस्त्रक्रिया झाल्याचे कळले पाहिजे, आणि माझ्यासारखीने 'हर्निया' सांगितला तर कसे कळणार? हे तेच जीवनसत्त्व, ज्याच्या अभावी जावा बेटात सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि डच डॉक्टर आइकमन यांना कोंड्याचे महत्त्व कळले. त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भात पिकवणाऱ्या गावातल्या मुलांनी ही हकीकत मुळातून वाचावी.

तसेच बायपास झालेल्याच्या पोटात एकदम जोराची कळ आली आणि थांबेना, मग शस्त्रक्रियेला पाच वर्षे झालेली असोत, तर ओवा-सोडा देत बसू नये. आतडे अडकलेले असू शकते. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. उजव्या बरगडीखाली दुखले तर पित्ताशयात खडे असू शकतात, वजन झपाट्याने उतरताना ते होतात. काळी शी झाली तर जोडावर व्रण असू शकतो. अंगदुखीच्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि विडी-तंबाखू यांनी तो व्रण होतो. मिसरी लावणाऱ्या माझ्या मावश्या इथे बसल्या आहेत, त्यांनी हसू नये.

संयुक्त निकायात कोसलच्या प्रसेनजित राजाची कथा आहे. तो द्रोणभर भात खात असे. एकदा जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला जेवणातली मात्रा ओळखणाऱ्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितले. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजा एका नाळीवर आला आणि अंगाने हलका झाला. मला या कथेत भगवंतांनी राजाला रागे भरले नाही, हे महत्त्वाचे वाटते. आणि राजाने आपली अडचण लपवली नाही, चक्क माणूस नेमला. माझा सुदर्शन म्हणजे माझी धाकटी मुलगी. जेवताना ती समोर मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावते. गजराआधी ताट संपले तर माझ्याकडे बघते, बोलत काही नाही.

गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एक मुलीचे वडील शाखेत कर्जाची चौकशी करायला आले. मुलीचे वजन जास्त, लग्न जमत नाही, म्हणून शस्त्रक्रिया करायची. मी त्यांना बाकावर बसवून एवढेच विचारले की मधुमेह, रक्तदाब, श्वासाचा त्रास काही आहे का, आहारतज्ज्ञाकडे कधी गेलात का, आणि पुढची वीस-तीस वर्षे गोळ्या आणि तपासणीचा खर्च कोण करणार? मुलीला विचारले का? मी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध नाही. माझी साखर आटोक्यात आहे, मी एस. टी.त एकटी चढते. पण लग्नासाठी कोणी पोट कापून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे शस्त्रक्रियेचे कागद, रक्ताचे अहवाल आणि सासूबाईंच्या पद्धतीचा आहाराचा तक्ता मी आज पिशवीत आणला आहे. पर्समध्ये ठेवायची एक चिठ्ठीही केली आहे. तिच्यावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, 'ब्रुफेन देऊ नये' आणि 'सलाईनआधी बी-१' एवढेच लिहिले आहे. ज्यांच्या घरी कोणाची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी ती उतरवून घ्यावी. सर्वांसमोर विचारायचे नसेल तर कार्यक्रमानंतर मी मागच्या खोलीत भांडी घासणाऱ्या बायकांबरोबर आहे, तिथे या. जय भीम.