पुरे म्हणणारी सुई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



माझं नाव तुम्ही ऐकलं असेल तर ते कवितेच्या निमित्तानं. आज मात्र मी होडीच्या मोटरीवर बोलणार आहे. कोकणातल्या खाड्यांमध्ये लहान होडीच्या मागच्या फळीला जी पेट्रोलची मोटर अडकवलेली असते, तिला कागदोपत्री आउटबोर्ड मोटर म्हणतात, बंदरावर नुसतं ‘मशीन’ किंवा ‘ओबीएम’. ती जुनी झाली की एक दुखणं तिला हमखास जडतं. कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहू लागतं. मेकॅनिकच्या भाषेत मोटर ‘ओव्हर’ होते. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, पण मोटर काही धरत नाही.

कवीला यातलं काय कळतं, असं कुणी विचारील. माझं आजोळ खाडीकाठचं. मामूंची होडी होती आणि होडीला जुनी मोटर होती. त्यांना पाने आणि पकडी काढून देता देता जे कानावर पडलं, हाताला लागलं आणि पुढं स्वतः करून पाहिलं, तेवढंच सांगणार आहे.

आधी हे दुखणं साधं का नाही, ते पाहू. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री समुद्राला मिळते. अशा मुखांपाशी वाळूचे पट्टे असतात आणि ओहोटीचं पाणी जोरानं बाहेर ओढतं. तिथं मोटर बंद पडली तर एका माणसाच्या वल्ह्यानं होडी आवरणं कठीण जातं. दुसरी गोष्ट, वाहून गेलेलं पेट्रोल होडीच्या तळाशी साचतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळं ती वर उडून न जाता फळ्यांच्या खाली दबा धरून बसते. तिला एक बिडी पुरते, किंवा प्लगची एक ठिणगी. म्हणून ‘थोडं गळतंय, चालायचंच’ असं म्हणू नये.

आता कार्बोरेटर म्हणजे काय ते समजून घेऊ. तुमच्या घरावर पाण्याची टाकी आहे ना? तिच्यात एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि नळाचं तोंड बंद करतो. पाणी उतरलं की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत अगदी हेच चालतं. वाटीत पेट्रोल येतं, त्यावर फ्लोट तरंगतो, फ्लोटला एक छोटी जीभ असते आणि त्या जिभेवर एक टोकदार सुई बसवलेली असते. वाटी भरली की फ्लोट वर येऊन सुईला तिच्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, दाबतो आणि येणारं पेट्रोल थांबतं. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये अशी फ्लोटची वाटी असलेला, फवारा मारणारा कार्बोरेटर केला. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास होडीच्या मागं टांगायच्या मोटरी बाजारात आणल्या. आता अनेक नव्या मोटरींत कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो. पण जुन्या मोटरीत अजूनही सगळी भिस्त त्या गव्हाच्या दाण्याएवढ्या सुईवर. वाटी भरली की ‘पुरे’ म्हणायचं, एवढंच तिचं काम. ती ‘पुरे’ म्हणायची थांबली की मोटर ओव्हर झालीच म्हणून समजा.

पण लगेच पाना उचलू नका. मामू म्हणायचे, “अरे, उघडण्याआधी बघ. उघडलेलं लावायला वेळ लागतो.” बिनखर्चाची तीन कारणं आधी तपासावीत.

पहिलं, चोक. थंड मोटर सुरू करताना चोक ओढतात. मोटर एकदा खोकली की तो आत ढकलायचा. गरम मोटरीला चोक देऊन दहा वेळा दोरी ओढली तर चांगला कार्बोरेटरही सिलिंडर पेट्रोलनं भिजवून टाकतो. अशा वेळी चोक बंद ठेवावा, प्लग काढून पुसावा आणि वाळू द्यावा. आतलं पेट्रोल बाहेर काढायला प्लग काढलेल्या अवस्थेतच थ्रॉटल पूर्ण उघडून चार-सहा वेळा दोरी ओढावी. मात्र त्याआधी मोटर बंद करण्याच्या दोरीची क्लिप काढून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. जुन्या मोटरीला अशी क्लिप नसेल तर प्लगची वायर मोटरीच्या धातूला नीट टेकवून ठेवावी, प्लगच्या भोकापासून दूर. वाफ उडून जाईपर्यंत थांबावं आणि मगच प्लग बसवावा.

दुसरं, टाकीचं झाकण. पेट्रोलच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद ठेवून टाकी उन्हात राहिली की आत वाफेचा दाब वाढतो. पाइप मोटरीला जोडलेला असेल तर हा दाब सुईला मागं ढकलून पेट्रोल वाटीत घुसवतो. सुईचा यात काही दोष नसतो. पाइप जोडण्याआधी तो स्क्रू सैल करून दाब सोडून द्यावा आणि काम संपलं की पाइप काढून ठेवावा.

तिसरं, मोटर तिरकी ठेवणं. होडी वाळूवर ओढली की पंखा वाचवायला आपण मोटर वर उचलतो. वाटी तिरकी झाली की फ्लोटला वर-खाली कळत नाही, सुई बसत नाही आणि जोडलेल्या पाइपमधून पेट्रोल झिरपत राहतं. इथंही उपाय तोच, पाइप काढा.

ही तीन कारणं नसतील तर एक सोपी परीक्षा आहे. टाकी आणि मोटर यांच्या मधल्या पाइपला रबरी फुगा असतो. मोटर सरळ उभी आणि बंद ठेवून तो दाबत जा. थोडं दाबल्यावर फुगा कडक झाला पाहिजे आणि कडकच राहिला पाहिजे. तो कडक होईना आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल बाहेर आलं, तर सुई बसत नाही हे नक्की. फुगा मऊच, पण कार्बोरेटर कोरडा असेल, तर दोष फुग्याच्या आतल्या झडपांत, पाइपात किंवा जोडणीत शोधावा. आणखी एक चकवा आहे. मोटरीवरच्या पेट्रोलपंपातला पातळ पडदा फाटला तर पेट्रोल कार्बोरेटरला वळसा घालून थेट मोटरीच्या पोटात जातं. प्लग ओला, काळा धूर, सगळी लक्षणं ओव्हरचीच. कार्बोरेटर तीनदा साफ करूनही गुण येत नसेल तर हा पडदा पाहा. आणि पाण्यावर तेलाची रंगीत साय दिसली म्हणून घाबरू नका. चालत्या टू-स्ट्रोक मोटरीमागं ती थोडी दिसतेच. बंद मोटरीखाली दिसली तर मात्र समजावं की पेट्रोल गळतंय.

आता उघडण्याचं काम. हे होडीत करू नये, कारण ती सुई एकदा फळ्यांच्या फटीत गेली की मिळत नाही. मोकळ्या हवेत, सावलीत, चुलीपासून दूर बसावं. खाली पांढरं फडकं आणि स्टीलचं ताट घ्यावं. कार्बोरेटर काढण्याआधी कुठला दांडा कुठं अडकतो त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पूर्वी आम्ही कागदावर चित्र काढायचो. वाटीचे स्क्रू सोडले की आतलं पेट्रोल ताटात ओतून नीट पाहावं. तळाशी पाण्याचे थेंब, गंजाची पूड, पाइपाच्या रबराचे काळे कण, सगळं तिथं दिसतं. निम्मं निदान त्या ताटातच होतं.

फ्लोटची आडवी पिन काढली की फ्लोट आणि सुई हातात येतात. फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवून पाहा. आत खळखळ झाली म्हणजे छिद्र पडलंय, पेट्रोल आत शिरलंय. तो जड होऊन बुडतो आणि सुई उघडीच राहते. गरम पाण्यात बुडवला तर बुडबुडे छिद्राची जागा दाखवतात. बऱ्याच जुन्या मोटरींत बुचाचा फ्लोट असतो. त्याच्यावरचा लेप गेला की तोही पेट्रोल पिऊन जड होतो. असा फ्लोट बदललेला बरा.

मग सुई. भिंग घेऊन तिच्या टोकाकडं पाहा. टोकाभोवती अंगठीसारखी खाच पडली असेल, तर ती सुई पुन्हा नीट बसणार नाही. जिथं सीट सुटं निघतं तिथं सुई आणि सीट जोडीनंच बदलावं, नवी सुई झिजलेल्या सीटवर बसवून उपयोग नाही. सीट काडीला कापूस गुंडाळून आणि कार्बोरेटर क्लीनरनं साफ करावं. जेटच्या बारीक भोकात तार घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मोटर कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. फवारा आणि हवेचा झोत पुरतो.

परत जोडताना फ्लोटची उंची पाहावी. कार्बोरेटर उलटा धरला की बऱ्याच जुन्या मोटरींत फ्लोट बॉडीला समांतर राहतो. नेमकं माप मात्र त्या त्या मोटरीच्या पुस्तकातलंच खरं. उंची चुकत असेल तर फ्लोटची छोटी जीभ हलक्या हातानं वाकवावी. फ्लोट दाबून वाकवायला गेलात तर सुईचं रबरी टोक सीटमध्ये चेपतं आणि नवी सुई पहिल्याच दिवशी निकामी होते. गॅसकेट नवं घालावं. मग कार्बोरेटर मोटरीवर चढवण्याआधी सरळ धरून पाइप जोडावा, फुगा दाबावा आणि दहा मिनिटं पाहत बसावं. कोरडा राहिला तर काम झालं.

बाहेरून दिसणारा मिक्श्चरचा स्क्रू फिरवून हे दुखणं बरं करायचा मोह अनेकांना होतो. तो स्क्रू संथ चालीवर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवतो, सुईला तो शिवतही नाही. भर खाडीत सुई अडकलीच, तर वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलके टकटक करावं. कचरा सुटून कधी कधी सुई बसते. तेवढ्यावर घरी पोचता येतं, पण तो उपचार नव्हे.

हे दुखणं येतं कुठून? बहुधा आपल्याच विश्रांतीतून. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते, मोटर पडवीत गोणपाटाखाली झोपते. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट राळ आणि टू-स्ट्रोकचं तेल उरतं. सुई त्यात रुतते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होडी लोटावी, तर मोटर पेट्रोल ओकू लागते. त्यात आता २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि कोकणच्या हवेत पाण्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. जुन्या पाइपांचं रबर त्यानं मऊ पडतं आणि त्याचे कण सुईखाली जातात. बुचाच्या फ्लोटवर लाखेचा लेप असेल तर इथेनॉलमध्ये तोही विरघळतो. म्हणून जुनी मोटर ठेवायची असेल तर पाइप इथेनॉल सोसणारे घालावेत, मध्ये फिल्टर बसवावा आणि महिनोन् महिने साठवलेलं पेट्रोल वापरू नये.

आणि मोटर ठेवण्यापूर्वी एक काम करावं. तिचा खालचा भाग पाण्यात असताना पाइप काढून टाकावा आणि ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावी. मग वाटीचा खालचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढून घ्यावेत. पाच मिनिटांचं काम आहे. नव्या मोटरीला लाखाच्या वर पैसे पडतात. त्या मानानं सुई, सीट आणि गॅसकेट म्हणजे किरकोळ खर्च. ज्याचं घर एका होडीवर चालतं, त्याला या दोन आकड्यांमधलं अंतर मी सांगायला नको.

मशीन बिघडलं की आपण म्हणतो, ‘यात दम राहिला नाही.’ ओव्हर होणाऱ्या मोटरीत दम भरपूर असतो. पेट्रोल येतं, ठिणगी पडते, पंखा शाबूत असतो. येणाऱ्याला वेळेवर थांबवणारं तेवढं कुणी नसतं. म्हणून जोर लावून दोरी ओढू नका, तिची सुई बघा. आणि ज्या श्रोत्यांकडं होडी नाही, त्यांनी आज घरावरच्या टाकीतला गोळा एकदा हलवून पाहावा. तोही बरेच दिवसांत कुणी पाहिला नसेल.