काळवंडलेला रुपया आणि बोलीचा विचार

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



बडोद्यातील जुन्या मराठी घरांच्या देवघरात चांदीचे चार-सहा रुपये बहुधा सापडतात. वर्षभर ते एखाद्या डबीत पडून असतात आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाहेर निघतात. रिठ्याच्या पाण्यात भिजतात, रांगोळीने किंवा राखुंडीने घासले जातात आणि लखलखीत होऊन तबकात मांडले जातात. सासूने सुनेला दिलेला हा परिपाठ तीन-तीन पिढ्या चालत आलेला असतो. चांदी काळी पडली की ती उजळावी, यात विचार करण्याजोगे काही आहे असे कोणाला वाटतही नाही.

अशाच एका घरातील निवृत्त गृहस्थांच्या हाती एके दिवशी नाण्यांच्या लिलावाची सूची आली. तिच्यात त्यांच्या देवघरातल्यासारखाच एक रुपया होता: सयाजीराव महाराज तिसरे यांच्या मुद्रेचा, संवत १९५० च्या आगेमागेचा. फरक एवढाच की हा रुपया उजळ नव्हता. कडेला सोनेरी, त्याच्या आत तांबूस-जांभळा आणि मध्यभागी मोरपिसासारखा निळा असा त्याचा रंग होता. अपेक्षित किंमत पंधरा ते वीस हजार रुपये लिहिली होती. घरचा तसाच रुपया सराफ जेमतेम चांदीच्या भावाने घेईल, आणि हा काळवंडलेला रुपया मात्र त्याच्या कितीतरी पट! गृहस्थांना त्या रंगाने मोहिनी घातली आणि त्या किमतीने बुचकळ्यात टाकले. बोली लावावी की लावू नये, हा प्रश्न त्यांना तीन आठवडे पुरला. त्या प्रश्नाचा मागोवा घेणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम त्या नाण्याविषयी. सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले आणि १८८१ साली त्यांना संपूर्ण राज्याधिकार मिळाले. तत्पूर्वीचे बडोद्याचे रुपये हातोड्याने पाडलेले, ओबडधोबड असत. महाराजांच्या काळात यंत्रावर नाणी पाडली जाऊ लागली. त्यांच्या एका बाजूला महाराजांची पगडीधारी मुद्रा आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत ‘एक रुपया’ हे शब्द, संवताचा आकडा व तलवार असे. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ज्या राजाने गावोगाव ग्रंथालये उभी केली, त्याच राजाचे हे नाणे. तेव्हा ग्रंथालयाच्या व्यासपीठावर त्याचा विषय निघणे अप्रस्तुत ठरू नये. पुढे संस्थानाने इंग्रजी रुपया स्वीकारला. चलनातून गेलेली नाणी सोनाराच्या मुशीत वितळली, बांगड्या-पैंजणांत गेली, आणि उरलीसुरली देवघरांत विसावली.

आता रंगाविषयी. चांदी लोखंडाप्रमाणे गंजत नाही. नुसत्या प्राणवायूचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिचे वैर आहे ते गंधकाशी. हवेतील गंधकयुक्त वायू, कोळशाचा धूर, लोकर, रबर, हलक्या प्रतीचा कागद आणि पुठ्ठा यांतून निघणाऱ्या अंशांशी तिचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो. पावसाळी दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग दिसू लागतात. थर जसजसा जाड होतो तसतसे रंग ठरावीक क्रमाने पालटतात: प्रथम फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. त्यानंतर फिकट होऊन तीच मालिका थोड्याफार फरकाने पुन्हा सुरू होते आणि अखेरीस काळा रंग येतो. नाणेसंग्राहक यालाच टोनिंग म्हणतात.

या रंगाला मोल कसे आले? त्याची हकिकत अमेरिकेतील आहे. तेथील ‘मॉर्गन डॉलर’ हे चांदीचे नाणे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली मोठ्या संख्येने पाडले गेले. त्यातील पुष्कळशी नाणी चलनात न येता सरकारी तिजोऱ्यांत, हजार-हजार नाण्यांच्या जाड कापडी पिशव्यांत पडून राहिली. ज्या नाण्यांची बाजू पिशवीच्या कापडाला टेकून होती, त्यांच्यावर कित्येक दशकांत इंद्रधनुष्यासारखे रंग चढले. १९६० नंतरच्या काही वर्षांत हे साठे लोकांच्या हाती आले आणि संग्राहकांच्या ध्यानात आले की, असा रंग म्हणजे नाणे कोणी घासलेले नाही याची एक खूणच आहे. पुढे १९८६ आणि १९८७ साली तेथे नाण्यांची प्रत ठरवून ती पारदर्शक डबीत बंद करून देणाऱ्या दोन मोठ्या संस्था निघाल्या. १ ते ७० अशा गुणांची त्यांची पद्धत जगभर रूढ झाली आणि आपल्याकडील लिलावांतही पोहोचली. हे ध्यानात घेतले की गृहस्थांचे कोडे निम्मे सुटते. ग्राहक काळेपणासाठी पैसे मोजत नाही. त्या काळेपणाखाली टाकसाळीतून निघालेला मूळ पृष्ठभाग अभंग आहे, या विश्वासासाठी तो पैसे मोजतो.

परंतु जेथे विश्वासाला मोल आहे तेथे त्याची नक्कलही होते. गंधकाची पूड, रासायनिक द्रावणे, भट्टीची ऊब, एवढेच काय, उकडलेले अंडेसुद्धा चांदीला अल्पावधीत रंग देऊ शकते. एकदा घासलेले, निस्तेज झालेले नाणे अशा रीतीने रंगवून ‘अस्सल टोनिंग’ म्हणून विकता येते. म्हणून बोलीचा विचार करणाऱ्याने सूचीतील छायाचित्रावर भिस्त ठेवू नये. छायाचित्रात प्रकाशाचा कोन बदलून रंग गडद दाखविणे सहज शक्य असते. लिलावापूर्वी नाणी प्रत्यक्ष पाहण्याचा दिवस नेमलेला असतो. त्या दिवशी जावे, आणि जाणे शक्य नसेल तर जाणकार माणसाला पाठवावे.

नाणे हाती आल्यावर काय पाहावे? पहिली गोष्ट झळाळीची. ते कडेने धरावे, एकाच दिव्याखाली हळूहळू कलते करावे. न घासलेल्या, न झिजलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. रंगाखालून ही झळाळी फिरताना दिसली तर ते शुभलक्षण. रंग आहे पण खाली सगळे मंद आहे, तर संशय घ्यावा. दुसरी गोष्ट रंगाच्या क्रमाची. नैसर्गिक छटा एकीतून दुसरीत विरघळत जातात आणि अक्षरांच्या कडांशी, खोलगट जागी थोड्या बदलतात. सोनेरीला लागूनच एकदम गडद निळा डाग उमटला असेल आणि मधली पायरी दिसत नसेल, तर घाई झाली आहे हे ओळखावे. तिसरी गोष्ट ओरखड्यांची. भिंगातून पाहताना केसासारख्या बारीक समांतर रेषा दिसल्या तर नाणे कधीतरी घासले गेले आहे. आणि चौथी, मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटामुळे हिरवट चिकट लेप बसला आहे का, हेही पाहावे. त्याने धातू हळूहळू खाल्ला जातो.

गृहस्थ पाहणीच्या दिवशी गेले. झळाळी होती, पण ती गालावर आणि पगडीवर तुटत होती. रंगाचा क्रम बिनचूक होता. मग त्यांनी भिंग लावले. महाराजांच्या गालावर, निळ्या रंगाच्या खाली, बारीक रेषांचा एक झुबका स्पष्ट दिसला. रंग त्या रेषांच्या आतही उतरला होता. अर्थ उघड होता. रंग कोणी फसवणुकीने चढविला असे म्हणता येत नव्हते. परंतु तो चढण्यापूर्वी, फार वर्षांपूर्वी, कोणीतरी हे नाणे घासले होते. कदाचित अशाच एखाद्या दिवाळीच्या सकाळी. पुढे त्या घरची डबी दीर्घकाळ उघडली गेली नसावी आणि घासलेल्या चांदीवर पुन्हा काळाचे पुट चढले असावे.

येथे निर्णयाचा खरा कस लागला. नाणे सुंदर होते, आणि सौंदर्यासाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही. परंतु मागितलेली किंमत अभंग पृष्ठभागाची होती आणि हाती असलेले नाणे तसे नव्हते. या ग्रंथालयातील ज्येष्ठ सभासदांना हे पुस्तकांच्या उदाहरणाने चटकन कळेल. बांधणी करणाऱ्याने कडा कापताना समासातील हस्तलिखित टीप उडविली, तर पुढे कितीही उत्तम चामड्याची बांधणी घातली तरी ती टीप परत येत नाही. पुस्तक वाचनीय राहते, देखणेही होते. पण ते पूर्वीचे पुस्तक राहत नाही.

घरी येऊन गृहस्थांनी वहीत हिशेब मांडला. घासलेल्या पण रंग बऱ्या असलेल्या अशा रुपयाला मागील लिलावांत काय मिळाले, ते जुन्या सूचींतून पाहिले आणि आपली एकूण मर्यादा बारा हजार ठरविली. यात बोलीची रक्कम हाच सारा खर्च नसतो, हे त्यांनी ध्यानात ठेवले. लिलाव करणारी संस्था खरेदीदाराकडून शेकडा वीस जादा घेणार होती, त्याशिवाय कर आणि टपाल. म्हणून हातोड्याची मर्यादा नऊ हजार. शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा पुढेमागे विकायचे झाल्यास गिऱ्हाईक येथलेच मिळणार, हेही त्यांनी जमेस धरले. आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली. लिलावाच्या सभागृहात माणसाचा हात आपोआप वर जातो. ती रेघ आधी ओढलेली असावी लागते.

लिलावाच्या दिवशी बोली नऊ हजारांवर पोहोचली तेव्हा त्यांचा हात वर होता. दहा हजारांवर तो खाली आला. नाणे सतरा हजारांना दुसऱ्याचे झाले. ‘घ्यायला हवे होते’ ही रुखरुख त्यांना परतीच्या वाटेवर लागली, हे खरे. तो निळा रंग काही विसरता येण्याजोगा नव्हता.

त्या वर्षीच्या दिवाळीत देवघरातली डबी निघाली तेव्हा त्यांनी एक रुपया बाजूला काढून ठेवला.

“अहो, तो राहिला की घासायचा,” पत्नी म्हणाली.

“राहू दे. तो तसाच ठेवू या.”

“लक्ष्मीपुढं काळा रुपया ठेवायचा? सासूबाईंनी कधी ठेवू दिला नसता.”

यावर त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. आईने चाळीस वर्षे ज्या हातांनी ती नाणी उजळली त्या हातांनी बाजारभाव घटविला, हे गणित बरोबर होते; पण ते हात चुकले, असे त्यांना म्हणवेना. ती नाणी विकण्यासाठी घरात आलीच नव्हती. शेवटी तडजोड झाली. पाच रुपये घासून तबकात गेले. सहावा कोरड्या कागदात गुंडाळून, गंधकाचा संपर्क होणार नाही अशा बेताने कपाटात गेला. त्याच्यावर निळा रंग चढायला कित्येक वर्षे लागतील, आणि चढला तरी त्याखालचे ओरखडे जाणार नाहीत, हे गृहस्थांना ठाऊक होते.

लिलावात भाग घेणाऱ्याला या हकिकतीतून घेण्याजोगे एवढेच: रंग पाहून मन गेले तर जाऊ द्यावे, पण बोली मात्र रंगाखाली काय आहे ते पाहून लावावी. आणि ज्यांच्या घरी अद्याप न घासलेला एखादा रुपया असेल, त्यांनी येत्या दिवाळीत रांगोळीची वाटी पुढे ओढण्यापूर्वी तो एकदा दिव्याखाली कलता करून पाहावा.