अष्टपैलू खेळाडू आणि कप्तानी



क्रिकेटचा शौक असलेल्या घरांत एक वाद ठरलेला असतो : कपिलदेव श्रेष्ठ कीं इम्रान खान? दोघेहि जलद गोलंदाज, दोघेहि दमदार फलंदाज, आणि दोघांनींहि कप्तान या नात्यानें आपापल्या देशास विश्वचषक मिळवून दिलेला. वाद करणारे आंकडे पुढें करतात, आवाज चढवितात, आणि अखेर जो तो आपल्या देशाच्या बाजूस जाऊन बसतो. माझें उभें आयुष्य शाळेंत उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. नांव झांकून उत्तर तपासावें, हा त्या धंद्याचा पहिला नियम. त्याच नियमानें आज या दोघांकडे पाहूं.

प्रथम खेळाचा हिशेब. कपिलदेव यांनीं १३१ कसोटी सामन्यांत ५२४८ धांवा काढल्या व ४३४ गडी बाद केले. इम्रान यांनीं ८८ सामन्यांत ३८०७ धांवा काढून ३६२ गडी बाद केले. सरासरी काढली तर फलंदाजी व गोलंदाजी या दोहोंतहि इम्रान सरस ठरतात. पण सरासरीच्या रकान्यांत कष्ट मांडलेले नसतात. फिरकी गोलंदाजांच्या या देशांत, दुसऱ्या टोकास बहुधा तोलाचा जोडीदार नसतांना, मंद खेळपट्ट्यांवर कपिलदेव सोळा वर्षें धांवत राहिले, आणि दुखापतीमुळें त्यांचा एकहि कसोटी सामना हुकला नाहीं. तेव्हां खेळाडू म्हणून दोघांत डावें-उजवें करण्याची घाई मी करणार नाहीं.

कप्तानी ही मात्र स्वतंत्र विद्या आहे. पांडवांत अर्जुनाच्या तोडीचा धनुर्धर नव्हता. तरीहि सेनापतिपद धृष्टद्युम्नाकडे गेलें. याच पिढींतील तिसरे अष्टपैलू इयन बोथम यांचें उदाहरण पाहा. फेब्रुवारी १९८० मध्यें मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्यांनीं एकाच कसोटींत शतक काढलें आणि तेरा गडी बाद केले. त्याच वर्षीं ते इंग्लंडचे कप्तान झाले, आणि कप्तान म्हणून खेळलेल्या बारा कसोटींत त्यांस एकहि विजय लाभला नाहीं. जुलै १९८१ मध्यें लॉर्ड्‌सवर दोन्ही डावांत शून्यावर बाद झाल्यावर त्यांनीं पद सोडलें. लगेच पुढच्या कसोटींत, लीड्‌स येथें, ब्रिअर्ली यांच्या कप्तानीखालीं त्यांनीं नाबाद १४९ धांवा काढल्या, आणि फॉलो-ऑन घ्यावा लागलेल्या इंग्लंडनें तो सामना १८ धांवांनीं जिंकला. ओझें उतरतांच हात मोकळे झाले!

इम्रान यांच्या बाबतींत नेमकें उलट घडलें. १९८२ सालीं ते कप्तान झाले. कप्तान म्हणून खेळलेल्या ४८ कसोटींत त्यांची फलंदाजीची सरासरी पन्नासाच्या वर गेली आणि गोलंदाजीची विसाच्या घरांत आली. जानेवारी १९८३ मध्यें फैसलाबाद येथें भारताविरुद्ध एकाच सामन्यांत त्यांनीं शतक काढलें व अकरा गडी बाद केले. आणि तेंहि कप्तानीचें ओझें खांद्यावर असतांना. ती मालिका भारत ३-० अशी हरला. गावसकरांचें कप्तानपद गेलें आणि तें कपिलदेवांकडे आलें.

कपिलदेव त्या वेळीं अवघे चोवीस वर्षांचे. संघांत गावसकर, अमरनाथ, किरमाणी असे वडीलधारे. वर्गांतल्याच एका मुलास वर्गनायक नेमावें, तशी ही नेमणूक. असा नायक हुकूम सोडून चालत नाहीं. त्यानें स्वतः पुढें व्हावें लागतें. १८ जून १९८३ रोजीं टनब्रिज वेल्स येथें झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी दैना असतां त्यांनीं नाबाद १७५ धांवा काढल्या. आठवड्यानंतर लॉर्ड्‌सवर भारताच्या केवळ १८३ धांवा झाल्या असतां पाठीमागें धांवत जाऊन त्यांनीं रिचर्ड्‌स यांचा झेल घेतला, आणि वेस्ट इंडीजचा डाव १४० धांवांत आटोपला. परंतु उत्तरपत्रिकेचें दुसरें पानहि वाचलें पाहिजे. कपिलदेवांच्या कप्तानीखालीं भारतानें ३४ कसोटींपैकीं चारच जिंकल्या. त्यांतल्या दोन १९८६ सालीं इंग्लंडांत. नोव्हेंबर १९८७ मध्यें वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना हातांत येत असतां ते उंच फटका मारून बाद झाले. सामना गेला आणि कप्तानपदहि गेलें.

इम्रान यांची कप्तानी मुख्याध्यापकाची. वसीम अक्रम यांस त्यांनीं हाताशीं धरून घडविलें. वकार युनूस यांस दूरचित्रवाणीवर पाहून हेरलें. वेस्ट इंडीजचा दबदबा असतां त्यांच्याशीं तीन मालिका बरोबरींत सोडविल्या. पंच त्रयस्थ असावेत असा आग्रह धरला. नोव्हेंबर १९८६ मध्यें लाहोरच्या कसोटींत मुंबईचे पिलू रिपोर्टर व रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले. पुढें त्रयस्थ पंचांची रीत जगभर रूढ झाली. १९९२ सालीं एकोणचाळीसाव्या वर्षीं, आरंभीं हरत सुटलेला संघ सांवरून त्यांनीं विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यांत स्वतः तिसऱ्या क्रमांकावर येऊन ७२ धांवा काढल्या. मात्र विजयानंतरच्या भाषणांत सहकाऱ्यांपेक्षां स्वतःच्या संकल्पित रुग्णालयाचाच उल्लेख अधिक झाला, याचा दोष त्यांस लागला. मुख्याध्यापकांस हा दोष जडतो, हें आम्हां मास्तर मंडळींस ठाऊक आहे.

आतां गुण देण्याची वेळ. कप्तान म्हणून मी इम्रान यांस अधिक गुण देईन. त्यांनीं संघ बांधला, वारस घडविले, आणि स्वतःच्या खेळासहि उणेपणा येऊं दिला नाहीं. पण वर्गनायकानें एका उन्हाळ्यांत जें केलें, तें मुख्याध्यापकाच्या दहा वर्षांत बसणारें नाहीं. आपण जिंकूं शकतों, हा भरंवसा कपिलदेवांनीं एका राष्ट्राच्या मनांत रुजविला.

वारसा कसा पाहावा, याचें प्रत्यंतर नोव्हेंबर १९८९ च्या कराची कसोटींत आहे. कप्तान इम्रान यांनीं त्या सामन्यांत वकारला प्रथमच उतरविलें. समोरच्या संघांत कपिलदेव होते, आणि त्यांच्यासह सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिलाच सामना खेळत होता. लॉर्ड्‌सचा विजय झाला तेव्हां तो दहा वर्षांचा होता. त्या विजयानेंच आपल्याला ध्यास लावला असें त्यानें पुढें सांगितलें. एका कप्तानानें हात धरून घडविलेला गोलंदाज, आणि दुसऱ्यानें दुरूनच चेतविलेला फलंदाज, त्या दिवशीं एकाच मैदानावर उभे होते. घरांतील मुलांनीं पुन्हा हा वाद काढला, तर त्यांस आंकडे जरूर सांगा. पण नांव झांकून तपासावयासहि शिकवा. परक्याचा गुण मोकळ्या मनानें मान्य करणाऱ्यासच आपल्या माणसाचा गुण खऱ्या अर्थानें कळतो.