नवरी चालते तेव्हा काय वाजवायचं?

आम्ही वसईकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका. गटात बाराजणी आहोत, त्यांतल्या सातजणी गावच्या चर्चच्या गायकवृंदातही आहोत. केंद्रातल्या ताई म्हणाल्या, पापड-मसाल्यांवर सगळ्याच बोलतात, तुम्ही लग्नातल्या संगीतावर बोला. म्हणून आज आलो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी चर्चमधलं लग्न सिनेमातच पाहिलं असेल. पांढऱ्या झग्यातली नवरी, तिचा हात धरून चालणारे वडील आणि मागे ऑर्गनवर ठरलेली एक धून. ती धून कुठली, तिथे का वाजते, वाजायलाच हवी का, हे आम्हालाही परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. फादर सांगतील ते आणि कीबोर्डवाल्याला येईल ते, असं आम्ही वर्षानुवर्षं गात आलो. विचार करायची वेळ आली ती पैशांमुळे.

नोव्हेंबरच्या बैठकीत आमच्यातल्या एका ताईने वीस हजारांचं कर्ज मागितलं. मुलीचं लग्न जानेवारीत होतं. कशासाठी हवेत म्हणून विचारलं तर म्हणाली, चर्चमधल्या वाजपासाठी. मुंबईहून चार वादक येणार, दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. चाळीस हजार घेणार, निम्मे नवऱ्याकडचे देणार, निम्मे आपण. तिने कागद पुढे केला. त्यावर धुनांची नावं होती: वाग्नर, मेंडेलसन, पाखेलबेल, आव्हे मारिया. आमच्यातल्या कुणालाही ती धड वाचता आली नाहीत.

आणि आम्ही तिला बोललो. ताईचे यजमान जाऊन तीन वर्षं झालीत. घर चालतं ते भाजीच्या पाट्यांवर. पाऊण तासाच्या मिस्सेसाठी वीस हजार, वर महिना दोन टक्के व्याज! एक तर म्हणाली, मोठेपणाला कर्ज देणारा आपला गट नाही. ताई काही न बोलता कागद घडी करून निघून गेली. आपण शहाणपणा केला असं आम्हाला त्या रात्री वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिची मुलगी आली. ती रागावलेली नव्हती, पण बसलीही नाही. म्हणाली, "मावशी, मला चार माणसं नकोत. मला व्हायोलिन हवं. पप्पा वाजवायचे ना." तेव्हा आम्हाला आठवलं. तिचे वडील तरुणपणी आमच्याच चर्चमध्ये नाताळाला, सणाला व्हायोलिन वाजवत. पुढे कामाच्या रगाड्यात ते सुटलं आणि आम्हीही विसरलो. मुलगी विसरली नव्हती. यादी तरी कुणी केली म्हणून विचारलं, तर नवऱ्यालाही पत्ता नव्हता. ती निघाली इव्हेंटवाल्याची. त्याच्याकडे एकच छापील यादी असते, ती सगळ्यांना जाते.

मग आम्ही मुलीला घेऊन फादरांकडे गेलो. आम्ही म्हणू, कुणाकडे चर्चचं लग्न असेल तर वादकाला फोन करण्याआधी हे करा. वादकाला इसार देऊन झाल्यावर फादर नको म्हणाले, तर भांडण दोन्हीकडून होतं.

फादरांनी आधी विधी समजावून सांगितला. मिस्सेत संगीताच्या जागा ठरलेल्या असतात. नवरीचा प्रवेश. वाचनांच्या मधलं स्तोत्र, ते बायबलमधलंच हवं आणि लोकांना म्हणता यायला हवं. वचनं घेताना आणि अंगठ्या घालताना मात्र काही वाजवायचं नाही, शब्द ऐकू आले पाहिजेत. पुढे अर्पण, मग ख्रिस्तप्रसाद, नोंदवहीत सह्या, आणि शेवटी नवरानवरी बाहेर पडतात तो क्षण. उपवासकाळात वाद्यं अगदी कमी, गाण्याला आधार देण्यापुरतीच असतात. म्हणून आमच्याकडे लग्नं त्याच्या आधी तरी उरकतात किंवा ईस्टरनंतर लागतात.

फादरांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मुलीने विचारलं, पप्पा नाहीत, तर मला कोण आणणार, काका की मामा? फादर म्हणाले, "कॅथलिक विधीत कन्यादान असा भागच नाही. दोघं आपल्या मर्जीने येतात. आई आणू शकते, दोघं बरोबरही येऊ शकतात." ताई इतका वेळ खाली बघत बसली होती, तिने वर पाहिलं.

आता यादीकडे येऊ. पहिलं नाव वाग्नरचं. सिनेमातली नवरीच्या प्रवेशाची धून ती हीच. ही मुळात चर्चची नाहीच, 'लोहेनग्रिन' नावाच्या जर्मन संगीतनाटकातली आहे. ते १८५० साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं. आणि नाटकात ती लग्नाआधी नाही, लग्नानंतर येते, नव्या जोडप्याला खोलीपर्यंत पोचवताना. पुढे त्याच रात्री नवरी न विचारायचा प्रश्न विचारते आणि नवरा तिला सोडून जातो. हे ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिथेच काट मारली. अनेक ठिकाणचे फादर ही धून चर्चमध्ये नको म्हणतात, कारण ती रंगमंचाची आहे.

मग मेंडेलसनचं तसं काय वेगळं? तेही नाटकाचंच. शेक्सपियरच्या ज्या नाटकात एका विणकराच्या धडावर गाढवाचं डोकं बसतं, त्यासाठी त्याने हे संगीत १८४२ मध्ये केलं. पुढे २५ जानेवारी १८५८ रोजी लंडनला व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्यात ते वाजलं आणि मग जगभर लग्नात ते वाजवायची रीत पडली. करणारा बिचारा १८४७ सालीच वारला होता. फादर म्हणाले, मिस्सा संपल्यावर बाहेर पडताना वाजवायचं तर वाजवा. ते आम्ही ठेवलं. गाढवाचं मात्र नवऱ्याकडच्यांना सांगितलं नाही.

नवरीच्या प्रवेशाला आम्ही पाखेलबेलचं 'कॅनन' घेतलं. हा जर्मनीतला ऑर्गनवादक, १७०६ मध्ये वारला. त्याची ही धून दोनशे वर्षं कुणाच्या फारशी ध्यानात नव्हती, छापली गेली तीच १९१९ साली. तिची बांधणी कळली तेव्हा आम्हाला हसू आलं, कारण ती आपल्या ओळखीची निघाली. खाली आठ स्वर असतात, तेच तेच, अठ्ठावीस वेळा फिरतात. वर तीन व्हायोलिनं, एकाने जे वाजवलं तेच दुसरं थोड्या वेळाने उचलतं, मग तिसरं. जातं खाली फिरतंय आणि वर एकीची ओवी संपायच्या आत दुसरीने तीच धरलीय, असं समजा. आमच्यातल्या म्हातारीने एकदा ऐकलं आणि म्हणाली, हे दळणच आहे की गं.

जात्याची फेरी पुरी झाली की हात थांबवता येतो, तसं हेही आठ स्वर पुरे झाले की थांबवता येतं. प्रवेशाच्या वेळी याची फार गरज असते. आधीच्या वर्षी एका लग्नात कीबोर्डवाल्याने पाच मिनिटांचं काहीतरी धरलं. नवरी दीड मिनिटात वेदीपाशी पोचली आणि उरलेला वेळ सगळे तसेच उभे. फादर घड्याळ बघताहेत, नवरीच्या हातातला गुच्छ खाली खाली येतोय. म्हणून या वेळी आम्ही टेप घेऊन चर्चची मधली वाट मोजली. दारापासून वेदीपर्यंत साठ फूट. ताई आणि मुलगी हळू चालून आल्या, आमच्यातलीने मोबाइलवर वेळ लावली, सव्वा मिनिट. वादक वाजवत होते त्या वेगाने आठ स्वरांची एक फेरी अकरा सेकंदांत होते. म्हणजे सात फेऱ्या. कागदावर सात रेघा मारून वादकांना दिल्या.

मोबाइलवरून आठवलं. वादक परवडत नाहीत म्हणून फोन स्पीकरला जोडून धून लावायची, हे आम्हीही करून बसलोय. एका लग्नात दार उघडलं, सगळे उठून उभे राहिले आणि स्पीकरमधून धुनेआधी जाहिरात सुरू झाली. कर्ज हवंय का म्हणून विचारणारी. आमच्या बचत गटाच्या बायका पहिल्याच बाकावर! तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये तयार ध्वनिफीत वाजवत नाहीत. आम्हालाही ते पटतं. लग्न जिवंत माणसांचं आहे, मग सूर थोडा हलला तरी चालेल.

वादक आले ते शेजारच्या धर्मग्रामातले बहीणभाऊ, दोघंही व्हायोलिन शिकतात. कॅननचं तिसरं व्हायोलिन आणि खालचे आठ स्वर सिस्टरांनी कीबोर्डवर सांभाळले. दोघांना मिळून सहा हजार दिले. आपल्याकडे व्हायोलिन परकं वाटतं काहींना, पण गोव्याच्या आणि मुंबईच्या सिनेमावादनाचा इतिहासच त्यावर उभा आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन शिकवत, तिथले वादक पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनी शिकवलं, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभच्या तोंडी त्यांचं नाव आलं ते त्या गुरूच्या आठवणीत.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो आव्हे मारियाचा. यादीत नुसतं तेवढंच लिहिलं होतं. म्हणजे 'नमो मारिया', आमची रोजचीच प्रार्थना. आम्ही शूबर्टचं धरून दोन आठवडे तालीम केली, मग कळलं की नवऱ्याच्या आईच्या मनात गूनोचं होतं. तेव्हा लक्षात ठेवा, नुसतं नाव लिहू नका, कुणाचं ते लिहा. गूनो हा फ्रेंच. जर्मनीच्या बाखने १७२२ च्या सुमाराला कीबोर्डसाठी एक छोटी रचना केली होती, तिच्यावर त्याने आपली चाल बसवली आणि १८५३ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे खालचं बाखचं, वरचं गूनोचं, मध्ये सव्वाशेहून जास्त वर्षं. ऐकायला फार गोड, पण आवाज खूप वर चढवावा लागतो. आमच्यातली एकच तेवढी चढते, आणि तिला जानेवारीत नेमका खोकला असतो.

शूबर्टचं १८२५ सालचं. त्याचे मूळ शब्द लॅटिन प्रार्थनेचे नाहीतच. वॉल्टर स्कॉटच्या स्कॉटलंडमधल्या कथाकाव्यातली एलन नावाची मुलगी ते म्हणते. लढाईचे दिवस, वडिलांना राजाने हाकलून दिलेलं, बापलेक गुहेत लपलेले, आणि ती मुलगी मारियामातेपाशी वडिलांसाठी साकडं घालते. लॅटिन शब्द त्या चालीवर नंतर बसवले गेले. चर्चमध्ये आम्ही तेच गातो. सिस्टरांनी हे सांगितलं तेव्हा तालमीला ताईची मुलगीही बसली होती. म्हणाली, हेच. आमच्याकडे नवरी वचनं झाल्यावर मारियामातेच्या मूर्तीपुढे फुलं ठेवते, त्या वेळी ते घ्यायचं ठरलं. नवऱ्याच्या आईला तिनेच फोन करून सांगितलं. त्यांनी थोडं ताणलं, मग म्हणाल्या, ठीक आहे, पण गूनोचं सह्यांच्या वेळी तरी वाजवा. सह्यांच्या वेळी बहीणभावाने ते नुसतं व्हायोलिनवर वाजवलं. खोकल्याचा प्रश्नच मिटला.

स्तोत्र आणि ख्रिस्तप्रसादाचं गीत मराठीतच ठेवलं. इथे आमचं मत जरा ठाम आहे. सगळीच मिस्सा जर्मन आणि फ्रेंच धुनांची झाली तर मागच्या बाकांवरच्या आज्या नुसत्या प्रेक्षक होतात. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात पाइप ऑर्गनला मान दिला आहे, पण ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिलाही योग्य जागा द्या, असंही म्हटलं आहे. फादरांनी ते वाचून दाखवलं.

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक जुनी गोष्ट सांगितली, ती आम्हाला अजून पचलेली नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताचे नियम काढले. त्यांत पियानो नको, ढोल-झांजा नकोत, हे होतंच. पण गायकवृंदात बायका घेऊ नयेत, हेही होतं. वरचे सूर हवे असतील तर लहान मुलगे घ्या. १९५५ मध्ये बाराव्या पायस यांच्या काळात बायकांना वाट मोकळी झाली, तीही वेदीच्या आवाराबाहेर उभं राहून. आमच्यातली म्हातारी त्याच्या आधी जन्मलेली. ती म्हणाली, "म्हणजे मी जन्मले तेव्हा मला इथे गायला बंदी होती?" आणि त्या दिवशी तालमीत ती नेहमीपेक्षा मोठ्याने गायली. जरा बेसूर, पण कुणी थांबवलं नाही.

लग्नाच्या दिवशी दार उघडलं, खालचे आठ स्वर सुरू झाले, ताई आणि तिची लेक निघाल्या. सात फेऱ्यांचं आमचं गणित चुकलं. ताई मधेच थांबली, तिच्या यजमानांची बसायची जागा होती त्या बाकापाशी. तालमीत ती तिथे थांबली नव्हती. व्हायोलिनवाल्या मुलीने आमच्याकडे पाहिलं, आम्ही मान हलवली, तिने वाजवत ठेवलं. नऊ फेऱ्या झाल्या.

कर्ज ताईला दिलं. वीसाऐवजी आठ हजार घेतले तिने, वादकांचे आणि फुलांचे मिळून. तिला जे बोललो त्याबद्दल पुढच्या बैठकीत आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, राहू द्या, पण अजून एकीशी ती पहिल्यासारखी बोलत नाही. दोन हप्ते बाकी आहेत.

ईस्टरनंतर गावात तीन लग्नं आहेत. एका नवरीला तबला आणि हार्मोनियमच हवं आहे, व्हायोलिन नको. तिच्याबरोबर फादरांकडे गुरुवारी जायचं ठरलंय. टेप सोबत घेऊ.