भाड्यानं द्यायचं घर घेताना



मागच्या वेळी शेळीपालनावर बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं की साठवलेल्या पैशातून एखादं घर घेऊन भाड्यानं द्यावं का. आमच्या गटातल्या एका ताईंनी तसं घेतलंय. त्यात आम्ही सगळ्याच कुठं चुकलो, ते आज सांगतो.

घर एस.टी. स्टँडच्या मागं, दोन खोल्यांचं, वर पत्रे. किंमत ३ लाख. जवळ नर्सिंगचं कॉलेज, म्हणजे मुली राहायला येणार. विकणाऱ्यानं नमुना ८ चा उतारा दाखवला, त्यावर त्याचं एकट्याचं नाव. आम्हाला तेवढं पुरेसं वाटलं. पण तो उतारा घरपट्टीच्या आकारणीचा असतो, त्यावरून मालकी ठरत नाही. घर मूळचं त्याच्या वडिलांचं. ताईंनी विसार दिला आणि पंधरा दिवसांत त्याची बहीण दारात उभी राहिली. "माझा वाटा कुठाय?"

आम्हाला रागच आला. "आत्ता बरी आठवण झाली हिला," असं आमच्यातलीच एक बोलून गेली. मग सगळ्या गप्प. मुलीचा वडिलांच्या मिळकतीत हक्क असतो, हे दर बैठकीला सांगणाऱ्या आम्हीच ना! शेवटी भावानं त्या ३ लाखांतलाच वाटा बहिणीला दिला आणि खरेदीखतावर दोघांनी सह्या केल्या. नोटरी केलेल्या स्टँपपेपरवर घर नावावर होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. दिरांचं म्हणणं होतं, कागद मुलाच्या नावानं करा. ताई बधल्या नाहीत. शिवाय घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती जाते.

दुरुस्तीत आम्ही रंग आधी काढला. पहिल्याच पावसात पत्र्याच्या जोडातून पाणी उतरलं आणि भिंती पुन्हा रंगवाव्या लागल्या. आधी छत, मग मोरीचं पाणी जिरवायला शोषखड्डा, विजेचा वेगळा सबमीटर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आता हिशेब. खरेदी ३ लाख, दुरुस्ती ८० हजार, मुद्रांक-नोंदणी-वकील धरून २० हजार. एकूण ४ लाख. दोन खोल्यांचं भाडं महिना ३,६००. पण मे-जूनमध्ये मुली गावी जातात, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरा: ३६ हजार. घरपट्टी, पाणीपट्टी, किरकोळ दुरुस्तीचे ६ हजार वजा केले की हातात ३० हजार. म्हणजे शंभराला साडेसात. आपल्या गटाचं व्याज महिना शेकडा १, वर्षाला १२. सगळे पैसे कर्जाऊ घेतले असते तर भाड्यातून व्याजसुद्धा निघालं नसतं. ताईंचं कर्ज दीड लाखच होतं, म्हणून त्या तगल्या.

आणि एक, अनामत खर्चायची नसते. ताईंनी ती बियाण्याला घातली आणि मुलगी खोली सोडताना उसने आणून परत केली. आता ती बँकेत वेगळी असते आणि भाडेकराराची नोंदणीही होते.

कुणाचं घर बघून ठेवलेलं असेल तर गुरुवारच्या बैठकीला कागद घेऊन या. विसार द्यायच्या आधी या.